आवळा, कोहळा आणि एक प्यादं

बालदोस्तांनो, ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ हा वाक्प्रचार तुम्ही परीक्षेत वाक्यात उपयोग करून लिहिलाच असेल. आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी लिहितं, ‘आईने मंडईत आवळा देऊन कोहळा काढला.’ मी त्यालाही अर्धा गुण देते. भाज्या तरी बरोबर ओळखल्या ना! आज मात्र हाच वाक्प्रचार मी तुम्हाला चौसष्ट घरांच्या पटावर दाखवणार आहे. बुद्धिबळात त्याला म्हणतात गॅम्बिट.

समजा, तुम्ही एखाद्या स्पर्धेत खेळताय. डाव नुकताच सुरू झालाय. तीन-चार खेळ्या झाल्यात, अजून कुणी कुणाला मारलेलं नाही. आणि एकदम समोरचा खेळाडू आपलं एक प्यादं तुमच्या उंटाच्या तोंडाशी आणून ठेवतो. त्या प्याद्याला राखायला कुणी नाही. म्हणजे चक्क ‘घ्या, खावा!’ असं आमंत्रण. तुम्ही त्याच्याकडे बघता, तो छताकडे बघत बसतो. आता काय करायचं? घ्यायचं की नाही?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही बरं का. भल्याभल्यांना त्याने घाम फोडलाय.

गॅम्बिट हा शब्द आला कुठून, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. कारण मी राहते कोल्हापुरात, आणि हा शब्द निघाला कुस्तीतला! इटालियन भाषेत पायाला ‘गांबा’ म्हणतात, आणि पायात पाय घालून समोरच्याला पाडणं म्हणजे ‘गांबेट्टो’. रुय लोपेझ नावाचा एक स्पॅनिश धर्मगुरू होता. त्याने १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं आणि हा शब्द पटावर आणला. आपल्या तालमीत याला काय म्हणतात? टांग! शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालापासून असे कितीतरी डाव बघत आलंय. गंगावेस तालमीतल्या एखाद्या पोराला विचारा. तो सांगेल, टांग मारताना आधी समोरच्याला आपल्याकडे येऊ द्यावं लागतं. तो जोर लावून पुढे आला की त्याचाच जोर त्याला खाली नेतो. गॅम्बिटचं अगदी तसंच. प्यादं देणारा म्हणतो, ये, पुढे ये. तुम्ही हावरेपणाने पुढे गेलात, की पायात पाय!

माझे आजोबा बुद्धिबळ खेळायचे ते जुन्या देशी पद्धतीने. त्या पद्धतीत प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं. आजच्यासारखी दोन घरांची उडी नाही. त्यामुळे दोन्ही फौजा समोरासमोर यायलाच वेळ लागायचा. आजोबांना कसली घाई नसायची. एक खेळी केली की पान जमवायचे, चुना लावायचे, मग दुसरी खेळी. आणि प्याद्याचा मान मोठा! शेवटी प्याद्याने मात केली तर ती ‘प्यादेमात’. ती करणारा आठवडाभर कॉलर ताठ करून फिरायचा. आजोबांच्या लेखी प्यादं फुकट देणं म्हणजे पेरणीचं बी चिमण्यांना टाकणं.

पुढे युरोपातले नियम आपल्याकडे रुळले. प्यादं पहिल्यांदा दोन घरं पळू लागलं. डाव वेगवान झाला. आणि वेग आला की वेळेला किंमत येते. गॅम्बिटची सगळी मेख इथेच आहे, मुलांनो. गॅम्बिट खेळणारा प्यादं देतो आणि त्या बदल्यात वेळ विकत घेतो.

पटलं नाही? चला, पट मांडा. खरंच मांडा, नुसतं वाचू नका. आमच्या वर्गातल्या संचात एक काळं प्यादं हरवलंय. त्याच्या जागी आम्ही चिंचोका ठेवतो. तुमच्याकडेही तसं काही असेल तर चालेल.

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. काळ्यानेही तेच केलं. पांढऱ्याने राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला, तो काळ्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून. काळ्याने वजिराच्या बाजूचा घोडा काढून प्यादं राखलं. पांढऱ्याचा राजाकडचा उंट तीन घरं तिरका आला. काळ्याचाही तसाच आला. इथपर्यंत दोघे जुळे भाऊ. आता पांढरा काय करतो? वजिराच्या बाजूचा जो घोडा अजून घरातच आहे, त्याच्या पुढचं प्यादं दोन घरं ढकलतो, थेट काळ्या उंटाच्या तोंडात! काळा उंट ते खातो. मग पांढरा शेजारचं प्यादं एक घर सरकवून त्या उंटाला हुसकावतो. उंटाला पळावंच लागतं. तो पळाला की पांढरा वजिरापुढचं प्यादं दोन घरं रेटतो. बघा आता पटाकडे. काळ्याच्या उंटाने दोन खेळ्या नुसत्या धावपळीत घालवल्या, आणि तेवढ्यात पांढऱ्याने पटाचा मधला भाग बळकावला. उंटांना, वजिराला वाटा मोकळ्या झाल्या. किंमत किती? एक प्यादं.

याला म्हणतात इव्हान्स गॅम्बिट. कॅप्टन इव्हान्स नावाचे वेल्सचे एक दर्यावर्दी होते, टपाल नेणाऱ्या जहाजावरचे कप्तान. त्यांनी १८२०च्या दशकात हा डाव शोधला. पुढची कित्येक वर्षं युरोपभर लोक त्यावर लट्टू झाले. मग इमॅन्युएल लास्कर आले. १८९४ ते १९२१, तब्बल २७ वर्षं जगज्जेता असलेला माणूस. त्यांनी दाखवलं, की अहो, प्यादं घ्या, पण त्याला कवटाळून बसू नका. योग्य वेळी ते परत द्या आणि आपली घडी बसवा. झालं! इव्हान्स गॅम्बिटची हवाच गेली. मोठ्या स्पर्धांतून तो जवळजवळ दिसेनासा झाला.

पण जुनं हत्यार म्हणून कुणी ते मोडीत काढू नये. १९९५ सालची गोष्ट ऐका. लॅटव्हिया देशातल्या रिगा शहरात माजी जगज्जेते मिखाइल ताल यांच्या स्मरणार्थ स्पर्धा भरली होती. पांढऱ्याकडून गॅरी कॅस्पारोव्ह, तेव्हाचे जगज्जेते. काळ्याकडून आपले विश्वनाथन आनंद. त्याच वर्षी पुढे न्यूयॉर्कला दोघांमध्ये जगज्जेतेपदाचा सामना व्हायचा होता. म्हणजे दोन पैलवान मोठ्या कुस्तीआधी एकमेकांचा अंदाज घेत होते म्हणा ना. आणि कॅस्पारोव्हनी चौथ्या खेळीला काय काढलं? इव्हान्स गॅम्बिट! आजोबांची पेटी उघडून तलवार काढावी तसं.

आनंदने प्यादं घेतलं. मग हुसकावलेला उंट मागे, आपल्या राजाच्या पुढ्यात आणून ठेवला. आणि पुढच्याच खेळीला आपला घोडा पटाच्या काठावर नेला, कॅस्पारोव्हच्या उंटावर. त्या खेळीत एक गंमत होती. घोडा हलला की मधलं काळं प्यादं उघडं पडत होतं. म्हणजे आनंद म्हणत होते, ‘हे घ्या तुमचं प्यादं परत, आणि मला माझा वेळ द्या.’ लास्करांचीच शिकवण.

आता बघा हं. कॅस्पारोव्हनी ते प्यादं घेतलंच नाही! त्यांनी शांतपणे उंट मागे घेतला. हिशेब फिटू दिला नाही. मला प्यादं नको, मला तुमचा वेळच हवाय! काठावर गेलेला तो काळा घोडा थोड्याच खेळ्यांत होता तिथे परत आला, म्हणजे दोन खेळ्या पाण्यात. पांढऱ्याचा वजीर पटभर हिंडू लागला. काळ्या राजाला किल्लेकोट करायला, म्हणजे आपल्या गावठाणात सुरक्षित जाऊन बसायला, सवड मिळालीच नाही. पंचविसाव्या खेळीनंतर आनंदने डाव सोडला. त्या क्षणी पटावर काळ्याकडे दोन प्यादी जास्त होती. दोन जास्त असूनही हार! हा डाव मी मुलांना दाखवते, तेव्हा शेवटी सगळे आधी प्यादी मोजतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात.

बरं, या हारेने आनंद खचले का? मुळीच नाही. ते पुढे पाच वेळा जगज्जेते झाले, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ही झाली परदेशातली आणि जुनी गोष्ट. आता आपल्या महाराष्ट्रातल्या गड्याची ऐका. नाशिकचा विदित गुजराथी. एप्रिल २०२४मध्ये कॅनडातल्या टोरंटो शहरात कँडिडेट्स स्पर्धा झाली. या स्पर्धेत फक्त आठ जण खेळतात आणि जो जिंकेल तो जगज्जेत्याला आव्हान देतो. दुसऱ्या फेरीत विदितपुढे होता अमेरिकेचा हिकारू नाकामुरा. तो त्याआधीचे ४७ डाव हरलेला नव्हता. विदितकडे काळ्या सोंगट्या. त्याने काय केलं? आपला उंट नाकामुराच्या राजापुढच्या तटबंदीवर नेऊन आदळला. उंट गेला, पण तटाला भगदाड पडलं, आणि विदितने डाव जिंकला! ज्याने दिलं, त्याने मिळवलं.

पण दुसऱ्याच दिवशी पारडं फिरलं. तिसऱ्या फेरीत विदितसमोर चेन्नईचा १८ वर्षांचा प्रज्ञानंद बसला होता. विदित पांढऱ्याने खेळत होता. डावाची सुरुवात झाली ती रुय लोपेझ पद्धतीने. हो, तेच ते स्पॅनिश धर्मगुरू! आणि चौथ्या खेळीला प्रज्ञानंदने आपल्या राजाकडच्या उंटापुढचं प्यादं धाडकन दोन घरं पुढे टाकलं. एवढ्या मोठ्या स्पर्धेत ही खेळी सहसा कुणी खेळत नाही, कारण तिने आपल्याच राजाची भिंत उघडी पडते. विदितने ते प्यादं घेतलं नाही. त्याने मधल्या फळीत आपलं दुसरं प्यादं पुढे लोटून उत्तर दिलं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण प्रज्ञानंद घरून सगळी तयारी करून आला होता आणि विदितला प्रत्येक पाऊल तिथेच शोधावं लागत होतं. शेवटी प्रज्ञानंद जिंकला.

काल ज्याने बळी देऊन डाव मारला, तो आज दुसऱ्याच्या टांगेत सापडला. कसं वाटलं असेल हो त्याला? परक्या देशात, आणि अजून अकरा फेऱ्या शिल्लक! पण पुढे नवव्या फेरीत नाकामुरा पुन्हा समोर आला, तेव्हा विदितने त्याला पुन्हा हरवलं. आणि ऐका, सप्टेंबर २०२४मध्ये बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिंपियाड झालं. तिथे भारताच्या खुल्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. त्या पाच जणांच्या संघात विदितही होता आणि प्रज्ञानंदही. पाच महिन्यांपूर्वी एकमेकांना पाडणारे आता एका बाकावर! तालमीतल्या पोरांना यात नवल वाटणार नाही. कुस्ती संपली की ते एकमेकांच्या अंगावर माती टाकतात आणि एकाच हौदावर अंघोळ करतात.

आता थोडं आमच्या शाळेबद्दल. पेठेतली साधी प्राथमिक शाळा आहे, सातवीपर्यंतची. शनिवारची शाळा सुटली की बुद्धिबळ खेळणारी मुलं थांबतात. पाठ टाचणात या तासाला जागा नाही, पण मुलांना त्याने काही फरक पडत नाही. त्यातल्या एका सातवीतल्या मुलीची हकिकत सांगते. तिचं नाव सांगत नाही. तिला ते आवडायचं नाही.

ही मुलगी काही म्हणजे काही वाया घालवायची नाही. पेन्सिल बोटाच्या पेराएवढी झाली की तिला रिकाम्या पेनाचं टोपण लावून वापरायची. वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून कच्ची वही करायची. तिची आई एका खानावळीत भाकऱ्या थापते. रोज पहाटे निघते, दुपारी घरी येते, संध्याकाळी पुन्हा जाते. अशा घरातल्या मुलीला ‘एक प्यादं देऊन टाक’ असं सांगणार तरी कसं? ती प्यादं देतच नसे. तिची फौज कासवासारखी अंग आखडून बसायची. तरी ती पुष्कळदा जिंकायची, कारण समोरची मुलं कंटाळून चुका करायची.

२०२४च्या पावसाळ्यात शालेय स्पर्धा होत्या, चौदा वर्षांखालच्या मुलींच्या. पहिल्या पाच मुलींना पुढच्या पातळीवर जायला मिळणार होतं. आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली. म्हणाली, “बाई, पोरगी पुढं गिली तर खेळू दे. न्हाईतर शनवारचं मला खानावळीत हाताखाली लागती. एकटीला हुईत न्हाई आता.” यावर मी काय बोलणार? ती माउली खोटं थोडीच बोलत होती!

स्पर्धेच्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेला होता आणि जो तो पंचगंगेच्या पाण्याचं बोलत होता. सभागृहात ओल्या छत्र्यांचा आणि मोज्यांचा वास भरलेला. पाच फेऱ्या होत्या. आमची मुलगी पहिल्या दोन जिंकली. तिसऱ्या फेरीत समोर शिकवणीला जाणारी, झकपक बूट घातलेली एक मुलगी आली. पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडे. आणि तिने खेळला इव्हान्स गॅम्बिट!

आता रिगाचा डाव आमच्या मुलीने वर्गात पाहिला होता. पण पाहिलेलं आणि पटलेलं यात बरंच अंतर असतं. तिने पहिलं प्यादं घेतलं. मग दुसरं घेतलं. मग तिसरं! तिच्या बाजूला तीन पांढरी प्यादी ओळीने उभी, आणि घोडा-उंट अजून घरात झोपलेले. पांढऱ्याचा वजीर आणि उंट दोघेही एकाच घराकडे डोळे लावून बसले. राजाच्या शेजारचं, उंटापुढचं प्यादं. त्याला राखणारा फक्त राजा एकटा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. अर्ध्या तासात मात.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. डबा उघडला, पण भाकरी तशीच. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “बाई, तिची तीन प्यादी खाल्ली मी. तरी हरलो.” (आमच्याकडे मुलीही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात बरं. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हसू नये!)

मी विचारलं, “खाल्लेली प्यादी काय करत होती?”

“पटाबाहेर हुती. काय करणार?”

“आणि तुझे घोडे?”

ती विचारात पडली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका छोट्याने तिच्यापुढे आपली बर्फीची वडी धरली. तिने घेतली आणि लगेच आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्या झाकणात वाढली. वाढता वाढता थांबली आणि एकदम म्हणाली, “बाई, शेजारच्या काकूंनी वाटीतनं काय दिलं, तर आई वाटी रिकामी धाडत न्हाई. तसं इथं चालतंय?”

“कशाला नाही चालणार?” मी म्हटलं. त्याहून जास्त मी काही बोलले नाही. डाव तिचा होता.

चौथी फेरी तिने जिंकली. पाचव्या, शेवटच्या फेरीत पुन्हा काळ्या सोंगट्या, आणि समोर त्याच शिकवणीतली दुसरी मुलगी. शिक्षकांना पटाजवळ जाऊ देत नाहीत. मी लांबून नुसती तिची वेणी बघत होते. नंतर तिने लिहिलेल्या खेळ्यांच्या कागदावरून मला सगळं कळलं. पुन्हा इव्हान्स गॅम्बिट! तिने प्यादं घेतलं. उंटाला हुसकावल्यावर तो गुमान राजाच्या पुढ्यात आणून ठेवला. आणि मग घोडा काठावर, मधलं प्यादं उघडं टाकून! अगदी आनंदने रिगाला खेळली होती तीच खेळी.

समोरच्या मुलीने ते प्यादं लगेच खाल्लं. घोड्याने तिचा उंट घेतला, तिने घोडा घेतला, आणि आमच्या मुलीने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून तिच्या त्या घोड्याला पळवून लावलं. प्याद्याला प्यादं फिटलं. हल्ला विझला. काळा राजा किल्लेकोटात जाऊन बसला. तिथून पुढे दोघी दीड तास झुंजल्या. शेवटी पटावर दोन राजे आणि थोडी प्यादी उरली. डाव बरोबरीत सुटला.

नंतर मी तिला विचारलं, “कॅस्पारोव्हनी ते प्यादं घेतलं नव्हतं. हिनेही घेतलं नसतं तर?”

ती म्हणाली, “ती कॅस्पारोव्ह न्हाई बाई. ती घेणार हुती.”

साडेतीन गुण झाले. पाचव्या क्रमांकाला लागले चार. अर्ध्या गुणाने तिची निवड हुकली. घरी जाताना रिक्षात ती खिडकीच्या प्लास्टिकवरचं पाणी बघत बसली होती. मीही काही बोलले नाही. ‘पुढच्या वेळी हं’ असं मोठी माणसं म्हणतात, पण पुढची वेळ द्यायची की नाही हे ज्यांच्या हातात असतं, ते आम्ही नसतो.

सोमवारी तिची आई शाळेत आली. खानावळीतून थेट आली होती, हाताला पीठ तसंच. मी म्हटलं, आता शनिवारचा तास गेला. ती दारातच उभी राहून म्हणाली, “किती गुण कमी पडलं म्हनं हिला?”

“अर्धा.”

“अर्धाच व्हय?” ती जरा थांबली. “आणि ती सांगती, ती शेवटाला हरली न्हाई. तीच खेळी परत आल्ती, तरी हरली न्हाई.”

“नाही हरली.”

“मग शनवारी येऊ दे तिला. सकाळचं भांडी घासून यील.” एवढं बोलून ती गेलीसुद्धा. तिची संध्याकाळची वेळ झाली होती.

मुलांनो, त्या माउलीने काय केलं ते तुमच्या लक्षात आलं का? तिच्याकडे वेळ हीच सगळ्यात महाग वस्तू. त्यातला शनिवारचा वेळ तिने मुलीला दिला. बदल्यात काय मिळेल, मिळेल की नाही, तिला माहीत नव्हतं. पटावरच्या गॅम्बिटमध्ये निदान पुढच्या दहा खेळ्या मोजता येतात. आईबाबा देतात त्यात तेवढ्याही मोजता येत नाहीत.

ती मुलगी आता आमच्या शाळेत नाही, हायस्कूलला गेली. तिथेही खेळते. मध्यंतरी भेटली तेव्हा सांगत होती, की आता ती स्वतःच इव्हान्स गॅम्बिट खेळते! मी विचारलं, “प्यादं देताना जिवावर येत नाही?” तर म्हणाली, “येतंय की. म्हणून तर नीट बघून देतो.”

मला वाटतं, गॅम्बिटवरचं हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे. उगाच गेलेलं प्यादं म्हणजे गॅम्बिट नव्हे. ती नुसती चूक. ज्याचं मोल आपल्याला ठाऊक आहे, ते बघूनसवरून दिलं तरच तो गॅम्बिट. आणि घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावं, की पटावर फुकट काही नसतं. घ्यायला हरकत नाही, पण वाटी रिकामी परत पाठवू नये.

‘वजिराचा गॅम्बिट’ हे नावही तुम्ही ऐकलं असेल. २०२० साली त्या इंग्रजी नावाची मालिका आली होती, तेव्हा मोठी माणसंसुद्धा पट शोधू लागली होती. त्यात पांढरा वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं देऊ करतो. पण काळ्याने ते घेऊन धरून ठेवायचं म्हटलं तर सहसा जमत नाही, पांढरा ते परत मिळवतो. म्हणजे तो खरं तर उसना आवळा! इव्हान्सचा मात्र खरा. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा.

या रविवारी एक काम करा. भावाला, मैत्रिणीला, नाहीतर आजोबांना पटासमोर बसवा. वर सांगितलेला इव्हान्स गॅम्बिट मांडा. एक डाव पांढऱ्याने खेळा, एक काळ्याने. प्रत्येक पाच खेळ्यांनी थांबा आणि मोजा. मारलेल्या सोंगट्या नव्हे, तर घराबाहेर पडून कामाला लागलेल्या सोंगट्या. दोन्ही बाजूंचे आकडे वहीत लिहा. डाव कुणी जिंकला, त्याच्याशी ते आकडे ताडून बघा. आणि एखादं प्यादं हरवलं असेल तर चिंचोका आहेच!